आशाताईंच्या पिशवीत मावेल असे यंत्र

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. आमचा पाडा सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात आहे. उपकेंद्रापर्यंत चालत जावे लागते आणि पावसाळ्यात तेही जमत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या मदतीने मी एक लहान यंत्र तयार केले आहे. बोटाला लावायच्या सेन्सरने ते रक्तातील ऑक्सिजन व नाडीचे ठोके मोजते, त्याला तापमापकही जोडलेला आहे. नोंदी फोनमध्ये साठतात आणि रेंज मिळाली की आपोआप डॉक्टरांकडे जातात. आता पाड्यावरील वीस घरांतील मुलांच्या नोंदी घ्याव्यात आणि ‘न्यूमोनिया असू शकतो’ असे फोननेच आईला सांगावे, असा माझा विचार आहे. त्यासाठी परवानगी लागते का? डॉक्टर माझे यंत्र वापरतील का? बारावी जवळ आली असताना हे करावे का, असे वडील विचारतात.
– एक विद्यार्थिनी, जि. नंदुरबार

उत्तर : रेंज नसताना नोंदी साठवून ठेवायच्या आणि ती आली की पुढे पाठवायच्या, ही सोय तू अगदी सुरुवातीलाच केलीस, याचे मला फार कौतुक वाटले. डोंगरात राहणाऱ्या माणसालाच ही गोष्ट आधी सुचते.

मात्र वीस घरांत जाण्याचा बेत तूर्त थांबव. माणसांवर, त्यातही लहान मुलांवर, एखादे नवे उपकरण अभ्यासासाठी वापरायचे तर काम सुरू करण्यापूर्वीच नैतिकता समितीची, म्हणजे माणसांवरील अभ्यास योग्य रीतीने होतो का हे तपासणाऱ्या समितीची, मान्यता घ्यावी लागते. नोंदी गोळा करून झाल्यावर मागितलेली परवानगी ग्राह्य धरली जात नाही आणि विज्ञान स्पर्धांमध्येही असा प्रकल्प अडतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक आहे, आणि सात वर्षांपुढील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. ही संमती पाड्यावरच्या पावरी बोलीत समजावून सांगून घे. मराठीत छापलेल्या कागदावर अंगठा उमटला, एवढ्याने आईला विषय कळला असे होत नाही. तुझे वयही अठराच्या आत असल्यामुळे अर्ज शिक्षकांच्या नावाने व्हावा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करावी.

फोनने निदान सांगण्याची कल्पना मात्र कायमची सोडून दे, असे मी आग्रहाने सांगेन. केंद्र सरकारने 25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनची जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णाला थेट सल्ला देऊ नये किंवा औषध सुचवू नये, तिने डॉक्टरला साहाय्य करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. यामागचे कारण तुझ्या पाड्यावरच दिसेल. फोनवर ‘धोका नाही’ अशी अक्षरे उमटली, तर रात्री मुलाला पाठीशी बांधून निघालेली आई दारातूनच परत फिरेल. सेन्सर चुकला असेल, तर त्या परत फिरण्याची किंमत मूल मोजेल.

आणि सेन्सर चुकतो. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश जातात, रक्त त्यांपैकी किती शोषून घेते यावरून ऑक्सिजनचे प्रमाण काढले जाते. बोट गार पडले असेल, मूल हात हलवत असेल किंवा नखावर गडद रंग असेल, तर आकडा भरकटतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे उपकरण ऑक्सिजन प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकते. 2020 साली अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासात कृष्णवर्णीयांमधील ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा निसटल्याचे आढळले होते. परवानगी येईपर्यंत तुझे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील ऑक्सिमीटर स्वतःच्या दोन बोटांना एकाच वेळी लाव, थंडीत पहाटे आणि दुपारी उन्हात, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिही. या वहीवरूनच तुझ्या यंत्राचे गुण-दोष कळतील.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लांबवतो आहे, तिच्याकडे येतो. लहान मुलाच्या न्यूमोनियाचा संशय घ्यायला ऑक्सिजनच्या आधी श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरले, तर ते धोक्याचे लक्षण मानतात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे प्रश्न असा होता की गावातील सुईणींना एवढे मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यावर त्यांनी एक साधे श्वासमापक तयार केले. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी मणी ठरलेल्या खुणेपलीकडे गेले, तर बाळ आजारी समजायचे. ज्या हातांनी ते वापरायचे, त्या हातांना पाहून ते घडवले होते.

याउलट, मी ग्रामीण रुग्णालयात असताना एक पेटी पाहिली होती. तिला सहा वायरी होत्या, पडदा होता, आणि प्रत्येक रुग्णाची जी माहिती आशाताई रजिस्टरमध्ये लिहीत, तीच पुन्हा त्या पडद्यावर भरावी लागे. महिन्याभरात ती पेटी कपाटावर गेली आणि तिच्यावर लसीकरणाचे कागद साचले. आशाताईंनी कामात कसूर केली नव्हती. त्यांचे काम दुप्पट होईल, याचा विचार पेटी बनवताना कोणी केला नव्हता.

म्हणून तुझ्या यंत्रात एक भर सुचवतो. बाळ आईच्या मांडीवर शांत असताना झबले वर करून पोटाकडे पाहावे आणि प्रत्येक श्वासाला फोनवर एकदा बोट टेकवावे. मिनिट संपले की फोनने फक्त आकडा दाखवावा. रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजू नयेत, हेही फोनवर पावरीत ऐकू यावे.

डॉक्टर ते वापरतील का, याचे उत्तर बव्हंशी ‘ई-संजीवनी’त आहे. ही सरकारी सेवा नोव्हेंबर 2019 पासून सुरू आहे आणि तिच्यात आरोग्यकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. तू वेगळी यंत्रणा उभारू नकोस. तुझ्या नोंदी एका पानावर, वेळेसह आणि मोजणाऱ्याच्या नावासह त्या अधिकाऱ्यांच्या हाती पडल्या, तर सल्लामसलतीच्या वेळी डॉक्टर त्या नक्की विचारात घेतील.

वडिलांची काळजी रास्त आहे. रविवारचे दोन-तीन तास या कामाला दे आणि परीक्षेआधीचे तीन महिने ते पूर्ण बंद ठेव, असे त्यांना स्वतःहून सांग. येत्या रविवारी यंत्र घरीच ठेवून आशाताईंबरोबर पाड्यावर फिरून ये. त्यांच्या पिशवीत आज काय काय आहे, त्यातले किती त्या खरोखर बाहेर काढतात आणि किती जागा शिल्लक आहे, ते मला लिहून कळव.