सांगलीबद्दल हळद आणि महापूर एवढंच ऐकलंय. या शहराचा इतिहास आणि तिथलं लोकजीवन कसं आहे?

या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी समजून घ्यायच्या तर हरिपूरला जायला हवं. सांगलीला अगदी लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर. माझं बालपण त्याच रस्त्यावर गेलं.

हरिपूरच्या जमिनीत हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. इथली माती इतकी घट्ट की पावसाळ्यातही आत ओल येत नसे. आतून पाचटाचा थर द्यायचा, हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचं. आत हवाच नाही, म्हणून कीडही नाही. माल वर्षानुवर्षं टिकायचा. पेव उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नसे. काही तास वाट पाहायची, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. तो विझला तर अजून थांबायचं.

२००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. भरलेली हळद गेली आणि बरीचशी पेवंही कायमची निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सौदेही जोरात निघतात, पण माल आता गोदामांत असतो. माझ्या मते या शहराचं ते सगळ्यात मोठं नुकसान, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

बाकी इतिहास म्हणाल तर १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेच्या काकांपासून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' नाटक केलं. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो तो त्याचीच आठवण म्हणून. संस्थानचा गणपती आजही पाचव्या दिवशी मिरवणुकीने सरकारी घाटावर जातो, आणि त्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतूनही माणसं येतात.

लोकजीवन मात्र नदीच ठरवते. काठावर मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची रानं आहेत, तिथल्या वांग्यांचं भरीत एकदा खाऊन बघा. जुलै-ऑगस्टमध्ये भेटला माणूस आधी विचारतो, "पाणी किती?" म्हणजे आयर्विन पुलापाशी किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका. लगेच दुसरा प्रश्न, "कोयनेतनं किती सोडलंय?" २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हापासून आमच्या गल्लीत पाणी चाळिशीला टेकलं की कुणी सांगायची वाट बघत नाही. धान्याची पोती माळ्यावर चढतात, शेजारच्या आजींचं सामान आधी, मग आपलं.