दोन महिने बाटली पाजल्यावर बाळ पुन्हा अंगावर पिऊ शकतं का? दूध फार कमी येतं, बाटली एकदम बंद करू का?

पिऊ शकतं, ताई. माझी मुलगी सव्वादोन महिन्यांची असताना पुन्हा अंगावर आली. आता ती सहावीत आहे. तुम्ही लिहिलंय की छातीला लावलं की बाळ अंग ताणून रडतं, आणि सासूबाई म्हणतात तुला दूधच नाही. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मुलगी झाली तेव्हा सोयाबीनची सोंगणी चालू होती. एका खाजगी दवाखान्यात सिझर झालं, आणि मला वॉर्डात आणायच्या आधीच तिच्या तोंडात बाटली गेली होती. मला कोणी विचारलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी छाती दाबून पाहिली, दोन थेंब आले. 'हिले धारच नाही व माय,' असं त्या शेजारणींसमोर बोलल्या. तेव्हापासून रात्री लेकरू त्यांच्या अंथरुणात आणि बाटली त्यांच्या उशाशी. मनात खोट नव्हती, माझे टाके दुखत होते, मला झोप मिळावी म्हणून केलं. पण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे शरीरातलं हार्मोन रात्रीच जास्त असतं आणि बाळानं ओढलं की वाढतं. छाती रिकामी झालीच नाही तर शरीर दूध बनवणं कमी करतं. माझं दूध त्या बाटलीनं आटवलं, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगते. आणि हातानं दाबून धार निघाली नाही म्हणजे दूध नाही, हे साफ खोटं आहे. चार बायका बघत असताना पान्हा सुटेल कसा?

दीड महिन्याच्या डोसाला गेले तेव्हा उपकेंद्राच्या नर्सबाईंसमोर रडले. त्यांनी मेडिकलमधून पाच नंबरची फीडिंग ट्यूब आणायला लावली. नळीचं एक टोक पावडरच्या दुधाच्या वाटीत, दुसरं बोंडीजवळ चिकटपट्टीनं लावायचं. बाळ ओढतं छाती, दूध येतं वाटीतून. त्याला वाटतं इथंच मिळतं, आणि आपल्या शरीराला वाटतं मागणी आली. वाटी वर धरली की दूध जोरात येतं, खाली नेली की हळू. सुरुवातीला वर धरा. तरी घेत नसेल तर चमच्यानं छातीवर दूध ओघळू द्या, ते चाटत चाटत तोंडात घेतं. खूप भुकेलेलं असताना लावू नका, अर्धवट झोपेत लावा. दिवसातून निदान दहा वेळा, दोन्ही बाजूंना, आणि रात्री दोनदा तरी. बाकी वेळ उघडं अंग छातीला लावून पदराखाली घेऊन बसा.

त्या रात्री मी सासूबाईंच्या कुशीतून लेकरू उचलून आणलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

नवव्या दिवशी नळी न लावता पाजलं तर तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं दिसलं. चौथ्या आठवड्यातली एक पहाट मला अजून दिसते. मी नळी चिमटीत घट्ट दाबून धरली होती, वाटीतलं दूध जागचं हललं नव्हतं, आणि ती गिळत होती. हनुवटी खाली जायची, थांबायची, मग घशातून बारीक 'कह्'. मी मोजत बसले, चाळीसच्या पुढे मोजणं सुटलं.

आता सासूबाई प्रत्येक बारशाला सांगतात की माझ्या अळिवाच्या लाडवांनी पान्हा फुटला. ते लाडू मी सिझरच्या पाचव्या दिवसापासून खात होते, म्हणजे दूध आटत होतं तेव्हाही! खा, बाळंतिणीला जोर येतो, पण लाडू खाऊन लेकरू दुसरीकडे निजवलं तर काही होत नाही. शतावरीच्या डब्यांवर पैसे घालू नका.

बाटलीचं म्हणाल तर तिला आजच सुट्टी द्या. नळीनं पोट भरलं नाही तर वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजा. पण वरचं दूध एकदम तोडू नका आणि पावडर पातळ करू नका. आपलं यायला लागलं की दिवसाकाठी 50 मिली कमी करा, काही दिवस वजन बघा, मग पुन्हा तेवढंच. अंगणवाडीच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. 24 तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी, वजन अडकलेलं, बाळ मलूल, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. नळी दर वेळी धुवायची, हे राहिलंच. पाळणा लांबवायची माला-एन गोळी घेत असाल तर नर्सबाईंना विचारून गोळी बदला, तसल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं. तीन-चार आठवड्यांनीही काहीच आलं नाही तर थायरॉईड आणि रक्त तपासून घ्या. काही बायकांना पूर्ण येत नाही. अर्धं आलं तर अर्धं पाजा, ते वाया जात नाही.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांना काम द्या. माझ्या सासूबाई तिसऱ्या आठवड्यापासून दर वेळी ती नळी गरम पाण्यानं धुऊन, झटकून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या उशाशी ठेवत होत्या, रात्री दोनलासुद्धा. त्याचं श्रेय मी त्यांना देते, लाडवांचं देणार नाही.