वाचकांचे प्रश्न : हिरवा चहा कडू का होतो?

चीनमधील उंची हिरव्या चहाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रांतील मजकूर जागेअभावी थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मुलीने हांगचौहून लोंगजिंग चहाचा लहान डबा आणला. डब्यावरील सूचनेप्रमाणे मी पाणी ८० अंश सेल्सियसवर आणते. त्यासाठी तापमापकही घेतला आहे. एका कपाला दोन चमचे पाने घालून पाच मिनिटे झाकून ठेवते. तरीही चहा कडू आणि तुरट होतो. महागड्या चहात हा कडवटपणा असतोच का?

उत्तर : तापमापकाला दोष देऊ नये, त्याने आपले काम चोख केले आहे. आपला चहा बिघडतो तो पानांच्या प्रमाणामुळे आणि वेळेमुळे. ८० अंशांचा नियम इतका घोकला गेला आहे की तो पाळला म्हणजे सगळे साधले, असे वाटू लागते. प्रत्यक्षात पाने, उष्णता आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकमेकींना सांभाळून घेतात. एक वाढवली की दुसरी कमी करावीच लागते.

चहाच्या पानातील थिॲनिन हे अमिनो आम्ल गोडसर आणि भरीव स्वाद देते, आणि ते फारशा गरम नसलेल्या पाण्यातही सहज उतरते. कॅटेचिन ही द्रव्ये तुरटपणा व कडवटपणा आणतात, कॅफिन त्या कडवटपणात भर घालते, आणि या दोघांना जितकी उष्णता व जितका अवधी मिळेल तितकी ती पाण्यात अधिक येतात. ८० अंशांवर ती थांबून राहत नाहीत, केवळ सावकाश येतात. आपण त्यांना पाच मिनिटांची सवड देता, तीही दुप्पट पानांतून, तेव्हा कमी तापमानाने जे राखले होते ते वेळेने घालवले जाते. शिवाय झाकणाखाली कोंडलेल्या वाफेत कोवळी पाने अक्षरशः शिजतात, पिवळी पडतात आणि त्यांना उकडलेल्या पालेभाजीचा वास येऊ लागतो.

चमच्याचे माप इथे फसवे आहे. लोंगजिंगची पाने कढईत हाताने दाबून चपटी केलेली असतात, त्यामुळे ती चमच्यात एकमेकांवर घट्ट बसतात. हुआंगशान माओफेंग या दुसऱ्या हिरव्या चहाची पाने फुललेली असल्याने त्याच चमच्यात त्यांचे वजन पुष्कळ कमी भरते. ताईफिंग हौखुईचे लांबलचक पान तर चमच्यावर ठेवताच येत नाही. म्हणून ग्रॅमचा दशांश दाखवणारा एखादा लहान काटा घ्यावा. माझ्या मते तो तापमापकापेक्षा अधिक उपयोगी पडतो. १५० मिलिलिटर पाण्याला ३ ग्रॅम पाने घेऊन दीड ते दोन मिनिटांत चहा गाळून घ्यावा, आणि मग चवीप्रमाणे वेळ थोडा थोडा पुढेमागे करावा.

गाळण्याची कटकट नको असेल तर चीनमध्ये घरोघरी चालते ती उंच काचेच्या पेल्याची रीत करून पाहावी. पेला गरम पाण्याने विसळून घ्यावा, त्यात ३ ग्रॅम पाने टाकावीत आणि पाव पेला पाणी ओतून तो हातात हलकेच फिरवावा. या वेळी पेल्यातून जो वास येतो, तो पुढे पुन्हा तसा मिळत नाही. म्हणून घाई न करता तो घ्यावा. मग उरलेले पाणी थोड्या उंचीवरून कडेने सोडावे. पाने आधी वर तरंगतात, नंतर एकेक पान टोक वर करून उभे राहते आणि हळूहळू तळाशी जाते. निम्मी पाने खाली बसली की प्यायला सुरुवात करावी. पेला रिकामा करू नये. तिसरा हिस्सा उरला की त्यातच पुन्हा गरम पाणी घालावे, म्हणजे पुढचा चहा एकदम पाणचट लागत नाही.

प्रश्न : बिलुओछुन चहा केला की पाणी गढूळ होते आणि वर पांढरी लव तरंगते. ही भेसळ असावी का?

उत्तर : नाही. ती पानाचीच लव आहे. बिलुओछुन हा च्यांग्सू प्रांतातील ताई सरोवराकाठच्या दोंगथिंग टेकड्यांवरचा चहा अगदी कोवळ्या कळ्यांपासून केला जातो आणि कळी जितकी कोवळी तितकी तिच्यावरची लव दाट असते. ती पाण्यात सुटली की चहा धूसर दिसतो, आणि या चहाच्या बाबतीत तो गुणच मानला जातो.

मात्र ओतण्याचा क्रम बदलून पाहावा. या चहासाठी पेल्यात आधी ७५ अंशांच्या आसपासचे पाणी घेतात आणि पाने वरून सोडतात. गुंडाळलेल्या कळ्या जड असल्याने त्या पाहता पाहता बुडतात. पाण्याची धार थेट अंगावर पडत नसल्यामुळे लव कमी सुटते आणि कोवळे पान भाजतही नाही. लोंगजिंगसारखी चपटी, हलकी पाने अशी वरून सोडली तर ती बराच वेळ पाण्यावर तरंगत राहतात, म्हणून त्यांना हा क्रम सोयीचा नाही.

प्रश्न : तोच चहा, तोच पेला, तेवढीच पाने, तरी बहिणीच्या घरी चहा माझ्या घरच्यापेक्षा चांगला होतो. असे का?

उत्तर : पाण्यामुळे. जड पाण्यात कॅल्शियमचे प्रमाण अधिक असते. त्यात चहाचा रंग काळवंडतो, वर तेलकट दिसणारी पातळ साय येते आणि सुगंध दबतो. हिरवा चहा नाजूक असल्यामुळे त्यात हा फरक फार लवकर कळतो. आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या लू यू यानेही पाण्याची प्रतवारी लावली होती : डोंगरातील झऱ्याचे उत्तम, नदीचे मध्यम आणि विहिरीचे कनिष्ठ. आपल्या नळाचे पाणी जड असेल तर कमी क्षार असलेले बाटलीतील पाणी वापरून पाहावे. पण क्षार पूर्णपणे काढलेले पाणी वापरू नये, त्यात चहा बेचव आणि पोकळ लागतो.

प्रश्न : ‘मिंगछियान’ असे लिहिलेल्या चहाची किंमत साध्या चहाच्या कित्येक पट असते. तो खरोखर तितका चांगला असतो, की ही केवळ विक्रीची युक्ती आहे?

उत्तर : दोन्ही. छिंगमिंग हा चिनी पंचांगातील पूर्वजांच्या स्मरणाचा दिवस ४ किंवा ५ एप्रिलच्या सुमारास येतो. त्याआधी खुडलेला तो मिंगछियान. हिवाळाभर झाडाने साठवलेले द्रव्य या पहिल्या कोंबांत असते. हवा थंड आणि ऊन कोवळे असल्यामुळे त्यांत थिॲनिन टिकून राहते आणि कडवट कॅटेचिनचे प्रमाण कमी असते. ऊन तापू लागले की हे प्रमाण उलटत जाते. कोंब लहान, खुडणी हाताने आणि दिवस मोजके, त्यात एक किलो तयार चहाला चार ते पाच किलो ओली पाने लागतात. किंमत चढते ती यामुळे, आणि इथपर्यंत ती रास्तही आहे.

पण तारीख म्हणजे गुण नव्हे. लोंगजिंग ४३ ही संशोधकांनी निवडलेली जात लवकर फुटते, म्हणून बाजारात पहिला येणारा लोंगजिंग बहुधा तिचाच असतो. बियांपासून वाढलेली जुनी झाडे उशिरा फुटतात, त्यांची पानेही एकसारखी नसतात, आणि तरी त्यांच्या चहाची चव अधिक खोल असते असे मानणारे पुष्कळ जाणकार आहेत. मीही त्यांच्यातलाच. दक्षिणेकडच्या उबदार प्रांतांत कोंब त्याहूनही आधी येतात. तेव्हा नुसत्या मिंगछियान या शब्दावरून ना जात कळते ना गाव.

एक खूण मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. आन्हुई प्रांतातील लु-आन ग्वाफियान हा चहा कळी आणि देठ काढून केवळ पानांचा केला जातो, आणि त्यासाठी पान पुरेसे उमलावे लागते. परंपरेने त्याची खुडणी २० एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या गुयू पर्वाच्या आगेमागे होते. ताईफिंग हौखुईची खुडणीही त्याच सुमारास होते. या दोन चहांवर कोणी मिंगछियानची चिठ्ठी लावून जादा पैसे मागत असेल तर त्याला ग्वाफियान कसा करतात एवढेच विचारावे.

लोंगजिंग घेताना रंगालाही भुलू नये. हांगचौच्या पश्चिम सरोवराजवळील शिफंग टेकडीवरचा नावाजलेला लोंगजिंग पाचूसारखा हिरवागार नसतो. त्यावर हातसडीच्या तांदळासारखी पिवळसर झाक असते. लोंगजिंग हे नाव वापरण्याचा अधिकार चच्यांग प्रांतातील शीहू, छियानथांग आणि युएचौ या तीनच विभागांना आहे. त्यांतील शीहू म्हणजे पश्चिम सरोवराचा परिसर, आणि तोच सर्वांत महाग. बाकीच्या दोन विभागांतला चांगला, ताजा चहा रोजच्या पिण्याला पुरेसा आहे, हे माझे मत मी अनेकांना ऐकवत आलो आहे.

प्रश्न : चहाची चव ‘तपासायची’ म्हणजे नेमके काय करायचे? चेस्टनट, ऑर्किड अशी वर्णने वाचतो, पण मला त्यांतले काहीच लागत नाही.

उत्तर : चहा पिणे आणि चहा तपासणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि त्यांचे नियम जवळजवळ परस्परविरोधी आहेत. पिताना आपण चहाला सांभाळून घेतो; तपासताना त्याला मुद्दाम अडचणीत टाकतो. चीनमधील परीक्षक ३ ग्रॅम पानांवर १५० मिलिलिटर उकळते पाणी ओततात आणि हिरवा चहा चार मिनिटे मुरू देतात. आधण आलेले पाणी ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, पण हेतू स्पष्ट आहे : कढईत करपलेले पान, जुनाट वास, उन्हाळी पानाचा रखरखीतपणा, हे सारे दोष अशा पाण्यात लपून राहत नाहीत. चांगला चहा या परीक्षेत कडवट होतो, पण त्याचा कडवटपणा घशाखाली उतरताच विरतो आणि मागे गोडवा परततो. चिनी लोक याला हुइगान म्हणतात. वाईट चहाचा तुरटपणा मात्र जिभेच्या कडांवर आणि गालांच्या आत चिकटून बसतो.

घरी हे करताना एकच चहा घेऊन बसू नये. दोन चहा शेजारी शेजारी, सारख्या पांढऱ्या वाट्यांत, एकाच वेळी करावेत, कारण जिभेला वर्णन सुचत नसले तरी फरक लगेच कळतो. आधी कोरड्या पानांचा वास घ्यावा. मग चहा गाळून झाल्यावर भांड्यात उरलेल्या ओल्या पानांचा वास तीनदा घ्यावा : गरम असताना, कोमट झाल्यावर आणि पूर्ण गार झाल्यावर. गरम असताना दोष उघडे पडतात, कोमट असताना सुगंधाची जात कळते आणि गार झाल्यावर तो किती टिकतो ते समजते. घोट घेताना थोडी हवा आत ओढावी. फुरका मारणे इथे क्षम्य आहे.

चेस्टनट आणि ऑर्किड या शब्दांचे ओझे घेऊ नये. भाजणीच्या उष्णतेतून येणाऱ्या खमंग वासाला तिथे चेस्टनटचा वास म्हणतात, तर माओफेंग किंवा हौखुई यांच्या फुलासारख्या गंधाला ऑर्किडचा. आपल्याला तोच वास कोवळ्या मटाराच्या शेंगेचा वाटला तर तसेच वहीत लिहावे. सुरुवातीला आन्जी बाईछा आणि लोंगजिंग ही जोडी घ्यावी. बाईछा म्हणजे पांढरा चहा, पण हा नावापुरताच पांढरा. वसंतातील थंडीत त्याचे कोंब फिकट पडतात म्हणून हे नाव मिळाले, एरवी तो हिरवाच. त्यात अमिनो आम्लांचे प्रमाण नेहमीच्या हिरव्या चहाच्या जवळपास दुप्पट किंवा अधिक असते, त्यामुळे भरीव गोडसरपणा म्हणजे काय ते पहिल्याच घोटात कळते.

प्रश्न : उघडलेला डबा किती दिवस टिकतो? आणि एकाच पानांवर किती वेळा पाणी घालावे?

उत्तर : हवा, उजेड, ओल, उष्णता आणि परका वास हे हिरव्या चहाचे शत्रू आहेत. उघडलेली पुडी महिना-दीड महिन्यात संपवावी. बाकीचा साठा हवाबंद पाकिटात, त्यावर आणखी एक आवरण घालून फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नये. एकदा पाहुण्यांसमोर मी थंडगार डबा उत्साहाने उघडला, आणि पाहता पाहता आतल्या पानांवर हवेतील ओल बसली. चार दिवसांत त्या सुंदर बिलुओछुनला जुन्या वह्यांचा वास येऊ लागला. तेव्हापासून डबा आदल्या रात्री बाहेर काढून ठेवतो.

पाणी तीन वेळा घालावे, प्रत्येक वेळी किंचित अधिक गरम आणि थोडा जास्त वेळ. बहुतेक लोंगजिंग दुसऱ्या पाण्यात सर्वांत चांगला लागतो. चौथ्या पाण्यात नुसता रंग येतो. तोवर पाने पूर्ण उमललेली असतात, ती बशीत पसरून पाहावीत : एक कळी आणि एक-दोन पाने अखंड जोडलेली दिसली तर खुडणी हाताची आहे, आणि तुकडेच तुकडे असतील तर पुढच्या वेळी दुसरा विक्रेता शोधावा. पाहून झाल्यावर ती फेकलीच पाहिजेत असे नाही. हांगचौमध्ये कोळंबी लोंगजिंगच्या कोवळ्या पानांबरोबर परततात, आणि उरलेली पाने तशीच चावून खाल्ली तरी चांगली लागतात.