पाच-सहा वर्षांच्या मुलाला चार दिशा कशा शिकवाव्यात? घरच्या घरी काही बनवून घेता येईल का?

येईल की. पण आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील. बहिणीच्या मुलासाठी (तेव्हा तो सहाचा होता) मी रंगीत बाण कापून झकास तक्ता केला आणि भिंतीवर लावला. दोन दिवसांनी विचारलं, "उत्तर कुठे रे?" त्यानं पंख्याकडे बोट केलं. त्याचं तरी काय चुकलं? तक्त्यावर उत्तर वरच होती.

तेव्हापासून जे काही करायचं ते जमिनीवर आडवं ठेवूनच. पुठ्ठ्यावर ताट ठेवून गोल आखा आणि मुलाला कापू द्या. दिशांची नावं इतक्यात लिहू नका. पुठ्ठा आणि खडू घेऊन गच्चीवर जा आणि चारी बाजूंना काय दिसतं ते त्यालाच काढू द्या. साताऱ्यात हे फार सोपं. आमच्या पेठेतल्या गच्चीवरून दक्षिणेला अजिंक्यतारा किल्ला, पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, पूर्वेला जरंड्याचा डोंगर. उत्तरेला मात्र ठळक असं काही दिसेना. आदल्या रविवारी लिंब गावाला बारा मोटेची विहीर बघून आलो होतो, ती त्यानं तिथे काढली. बादलीसारखी दिसत होती, पण त्याला ओळखू येत होती.

खरा खेळ पुढे आहे. चकती हातात घेऊन जिन्यात, अंगणात, मामाच्या गच्चीवर जायचं आणि चित्रातला किल्ला खऱ्या किल्ल्यासमोर येईपर्यंत ती फिरवायची. मग स्वयंपाकघरात, जिथून किल्ला दिसतच नाही. अंदाजानं चकती लावायची आणि बाहेर पळत जाऊन बघायचं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मावशी, मी फिरतो, किल्ला नाही फिरत." हे कळलं की अर्धं काम झालं. डावं-उजवं आपल्याबरोबर फिरतं, दिशा फिरत नाहीत, आणि मुलं अडतात ती इथेच.

नावांचं म्हणाल तर आमची आई 'उगवतीकडं, मावळतीकडं' म्हणते. मी तेच शब्द आधी वापरले, कारण त्यांचा अर्थ त्यांच्यातच आहे. पूर्व-पश्चिम नंतर. 'उत्तर' या शब्दाला तर तो बिचकायचाच: "कुठल्या प्रश्नाचं?"

सूर्याबद्दल थोडं तुमच्यासाठी, मुलाला सांगू नका. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. डिसेंबरअखेर आपल्याकडे तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. काठीच्या सावलीवरून उत्तर काढायची असेल तर ठीक बाराला जाऊ नका. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि सातारा ७४ अंशांवर, त्यामुळे इथली खरी दुपार साडेबाराच्या आसपास होते. सावली तेव्हा सगळ्यात आखूड असते आणि तिचं टोक उत्तरेकडे. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि जेमतेम पडणारी सावली दक्षिणेकडे जाते. मी हा प्रयोग नेमका मेच्या सुट्टीत केला आणि त्या पोरासमोर माझी फजिती झाली. दिवाळीच्या सुट्टीत करा.

सुईचं होकायंत्रही जमतं. सुई चुंबकावर एकाच दिशेनं चाळीसेक वेळा घासायची, थर्माकोलच्या तुकड्यावर आडवी ठेवून प्लॅस्टिकच्या वाटीतल्या पाण्यावर सोडायची. स्टीलची वाटी नको, स्टीलच्या काही भांड्यांना चुंबक चिकटतो. सुई आणि चुंबक मात्र तुमच्याच हातात राहू द्या.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीये. डोंगर नसेल तर पाण्याची टाकी, देवळाचा कळस, मोबाईलचा टॉवर, काहीही चालेल. फक्त जागचं हलणारं नको. आमच्या पठ्ठ्यानं पहिल्यांदा पश्चिमेला शेजाऱ्यांची लाल गाडी काढली होती, आणि संध्याकाळी ते कऱ्हाडला निघून गेले.