मोठ्या टीममध्ये काम करणे अधिक त्रासदायक असते की लहान टीममध्ये?

माझ्या मते मोठ्या टीममध्ये, कारण तिथे खोळंबा कामाचा नसतो, निरोपांचा असतो. पाच जणांत संवादाच्या १० जोड्या होतात, पन्नास जणांत १,२२५. वाळूजच्या एका कारखान्यात असताना जिगमधील, म्हणजे काम करताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनातील, एक भोक दोन मिलिमीटर सरकवायचे होते. यंत्रावरच्या कामगाराने चूक पहिल्याच दिवशी दाखवली होती, पण ड्रॉइंगवर चार विभागांच्या सह्या होईपर्यंत अकरा दिवस गेले आणि तोवर तो प्रत्येक पट्टी कानशीने घासून बसवत राहिला. त्याची सोललेली बोटे मला आजही आठवतात. शिवाय माणसे वाढली की प्रत्येकाचा जोर घटतो, हे फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान याने दोर ओढण्याच्या प्रयोगांतून दाखवले होते. ते निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले.

आता लातुरात आम्ही चौघे आहोत. निर्णय चहा संपेपर्यंत होतात. मात्र वेळा अमावास्येच्या सणाला दोघे शेतावर गेले की बिले काढणारे कोणी उरत नाही, आणि रजा मागताना सोबत्यावर ओझे टाकल्याची बोच लागते. म्हणून प्रत्येक काम किमान दोघांना येईल, एवढी व्यवस्था आम्ही केली आहे.