वाचक विचारतात: तक्त्यातून गळालेले सभासद

प्रश्न: आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ३४० सभासदांच्या कापूस खरेदीची यादी एक्सेलमध्ये आहे, वार्षिक अहवाल लाटेकमध्ये (आज्ञा लिहून छपाईचं पान तयार करणारी प्रणाली) करतो. यादी सीएसव्ही म्हणून सेव्ह करून सीएसव्हीसिंपल या लाटेकच्या जोड-पॅकेजने तक्ता काढला, तर २१२ च ओळी छापल्या आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. एररही दिसत नाही. काय चुकतं?
– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर: पॅकेज योग्य आहे, बिघाड सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आहे. पहिल्या ओळीत जितके रकाने, तितकेच पुढच्या ओळीत नसतील तर सीएसव्हीसिंपल ती ओळ न सांगता सोडून देतं. म्हणून आधी ‘वॉर्न ऑन कॉलम काउंट एरर’ हा पर्याय लावा. मग कोणत्या ओळी गळाल्या ते लॉग फाइलीत (लाटेक चालताना बनणाऱ्या नोंदींच्या फाइलीत) दिसेल. शेतकऱ्याचं नाव अहवालातून गळणं ही साधी चूक नव्हे, त्यामुळे छापलेल्या ओळी दर वेळी मोजाच.

ओळी बहुधा दोन कारणांनी गळतात. १,२५,००० अशी स्वल्पविरामाची रक्कम एक्सेल अवतरण चिन्हांत घालतं. या पॅकेजला ती चिन्हं कळत नाहीत, ते एका रकमेचे तीन रकाने करतं. दुसरं, ओलाव्याच्या रकान्यात कुणी ‘९%’ लिहिलं असेल तर लाटेक % पासून त्याच ओळीचा उरलेला भाग टिप्पणी समजून टाकून देतं. तेव्हा रकमेच्या रकान्याचं फॉरमॅट स्वल्पविरामाशिवाय ठेवा (एक्सेल दिसतं तसंच सेव्ह करतं) आणि % फक्त तक्त्याच्या शीर्षकात, बॅकस्लॅश लावून लिहा. छापताना लाखाचे स्वल्पविराम हवेत? एसआययुनिटएक्स या आकडे छापण्याच्या पॅकेजच्या ‘नम’ कमांडमध्ये ‘डिजिट-ग्रुप-अदर-साइज’ २ करा आणि ‘ग्रुप-सेपरेटर’ला महिरपी कंसात स्वल्पविराम द्या.

प्रश्नचिन्हांसाठी सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, साधं ‘सीएसव्ही’ नको. एकदा प्रश्नचिन्हं झाली की त्या फाइलीतून नावं परत मिळत नाहीत, मूळ एक्सेल जपून ठेवा. लाटेकची फाइल झीलाटेकने (लाटेकचा यूटीएफ-८ आणि देवनागरी फॉन्ट चालणारा प्रकार) चालवा. फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडण्याच्या पॅकेजमध्ये नोटो सेरिफ देवनागरी घेताना ‘स्क्रिप्ट’ देवनागरी द्या, नाहीतर जोडाक्षरं तुटतात.

३४० ओळी एका पानावर मावणार नाहीत. तक्ता काढणाऱ्या ‘सीएसव्हीरीडर’ कमांडला ‘टॅब्युलर’ऐवजी ‘लाँगटेबल’ (अनेक पानांवर चालणारा तक्ता) द्या, शीर्षकाच्या ‘टेबल हेड’ पर्यायाच्या शेवटी ‘एंडहेड’ लिहा, म्हणजे शीर्षक प्रत्येक पानावर येईल. सीएसव्हीची पहिली ओळ इंग्रजी अक्षरांत, आखूड ठेवा, मराठी शीर्षकं ‘टेबल हेड’मध्येच घाला.

गावात नेट तुटक असेल तर मिकटेक (लाटेकचा एक संच) ऐन वेळी पॅकेज उतरवू पाहतं आणि अडकतं. तालुक्याला गेलात की टेक लाइव्ह हा दुसरा संच पूर्ण, एकदाच उतरवून घ्या.

यादी बदलली की सीएसव्ही पुन्हा सेव्ह करून झीलाटेक दोन-तीनदा चालवा. लाँगटेबलला रकान्यांच्या रुंदीचा अंदाज एका फेरीत येत नाही.