अमेरिकेत काउबॉय पद्धतीच्या नेमबाजीचा छंद सुरू करायचा आहे, पहिली बंदूक कोणती घ्यावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीनिमित्त डॅलसला येऊन वर्ष झाले, एका रविवारी सहकाऱ्याबरोबर काउबॉय वेशातील नेमबाजीची स्पर्धा पाहिली, आजवर बंदूक कधी हाती धरलेली नाही, तर सुरुवात करताना पहिली बंदूक कोणती घ्यावी आणि पुढे भारतात परतल्यावर हा छंद चालू ठेवता येईल का? मी टेक्ससमध्येच राहतो आणि गेली सात वर्षे जवळजवळ दर महिन्याला या स्पर्धांना जातो. त्या अनुभवावरून सांगतो की बंदूक ही या छंदात सर्वांत शेवटी घ्यायची वस्तू आहे, आणि आपल्या बाबतीत तर त्याआधी आपला व्हिसा कोणत्या वर्गातला आहे हे पाहावे लागेल.

हा मुद्दा मी मुद्दाम आधी घेतो, कारण मैदानावरची मंडळी इतकी मोकळ्या मनाची असतात की आपण नुसते कुतूहलाने उभे राहिलात तरी कोणीतरी स्वतःची रिव्हॉल्व्हर आपल्या हाती देईल, आणि त्यात काही वावगे आहे अशी शंकाही त्यांना येणार नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. यात केवळ खरेदी येत नाही. दुसऱ्याची बंदूक थोडा वेळ हातात घेणे हेही बाळगण्यातच मोडू शकते. या नियमाला काही अपवाद आहेत, आणि त्यांतला नेहमी सांगितला जाणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतील कोणत्याही राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार-परवाना. तो आपल्याला लागू पडतो की नाही, हे मैदानावरच्या मित्राला न विचारता स्थलांतराच्या कायद्याचे काम करणाऱ्या वकिलाला विचारावे, कारण चूक झाली तर ती केवळ दंडावर भागत नाही, इथले राहणेच धोक्यात येते. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. दुकानात अर्ज भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन बंदूक घेता येते. मी स्वतः ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत दीड वर्ष केवळ प्रेक्षक आणि हरकाम्या म्हणून जात होतो, आणि तो काळ वाया गेला असे मला आजही वाटत नाही.

आपण जे पाहिले त्याची मुख्य संघटना म्हणजे सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी. ती १९८७ साली स्थापन झाली, पण हा खेळ तिच्याही थोडा आधीचा, १९८० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पश्चिम भागात वापरात होत्या तशा बंदुका, किंवा त्यांच्या आजच्या प्रतिकृती, त्या काळाला शोभेल असा पोशाख, आणि घड्याळाशी शर्यत, असे त्याचे स्वरूप आहे. आपल्याकडे नेमबाजी म्हटले की कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत किंवा पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे डोळ्यांसमोर येतो. तिथे श्वास रोखून, लक्ष्याच्या अगदी मध्यबिंदूपर्यंत नेम न्यावा लागतो. इथे लक्ष्य म्हणजे साधारण सोळा इंची पोलादी पत्रा असतो आणि रिव्हॉल्व्हरसाठी तो जेमतेम सात ते दहा यार्डांवर उभा केलेला असतो. त्यामुळे नेम चुकणे अवघड आहे, असे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते. मलाही तसेच वाटले होते.

गंमत क्रमात आहे. एका फेरीत साधारणपणे रिव्हॉल्व्हरच्या दहा, रायफलच्या दहा आणि शॉटगनच्या चार किंवा अधिक गोळ्या झाडायच्या असतात, आणि कोणत्या पत्र्यावर कितव्यांदा मारायचे हे आधीच ठरलेले असते. नेवाडा स्वीप नावाचा एक नेहमीचा क्रम आहे: तीन पत्र्यांवर एक, दोन, तीन, दोन, एक असे जायचे. कागदावर हे बालवाडीतले गणित वाटते, पण टाइमरची शिट्टी वाजली की डोक्यातली उजळणी पार पुसली जाते. चुकलेल्या प्रत्येक गोळीला वेळेत पाच सेकंदांची भर पडते आणि क्रम चुकला तर दहा सेकंदांची. पहिल्या स्पर्धेत मी एकही पत्रा चुकवला नाही आणि तरीही जवळजवळ तळाला आलो, कारण सहापैकी चार फेऱ्यांत माझा क्रम चुकला होता.

आता बंदुकांकडे येतो. एकूण चार लागतात: दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, म्हणजे ज्यांचा मागचा घोडा प्रत्येक गोळीसाठी अंगठ्याने ओढावा लागतो, एक लिव्हर ॲक्शनची रायफल, जिच्यात पिस्तुलाचेच काडतूस चालते, आणि एक शॉटगन, जी बहुतेक नवखे लोक साधी दुनळी घेतात. रिव्हॉल्व्हरसाठी रुगर कंपनीची व्हॅकेरो किंवा १८७३ च्या कोल्टच्या इटालियन प्रतिकृती, आणि रायफलसाठी १८७३ च्या विंचेस्टरची प्रतिकृती किंवा मार्लिन १८९४ ही नावे आपल्या कानावर पडतील. काडतुसाबाबत माझे मत ठाम आहे: रिव्हॉल्व्हर आणि रायफल दोन्हींसाठी ३८ स्पेशल निवडावे. त्याचा धक्का कमी, किंमत कमी, आणि ते सर्वत्र मिळते. इतिहासाचे शौकीन आपल्याला ४५ कोल्ट या काडतुसाकडे ओढतील, पण त्या काळी ४५ कोल्टची लिव्हर रायफल बाजारात नव्हतीच. एकच काडतूस दोन्ही शस्त्रांत वापरणारा खराखुरा माणूस ४४-४० बाळगत असे, त्यामुळे अस्सलपणाचा तो युक्तिवाद फारसा टिकत नाही. गोळ्या मात्र शिशाच्याच हव्यात आणि वेगही मर्यादित हवा: रिव्हॉल्व्हरसाठी सेकंदाला १००० फुटांपर्यंत, रायफलसाठी १४०० फुटांपर्यंत. इतक्या जवळच्या पोलादावर त्याहून जोराने मारले तर तुकडे उलटून येतात. मऊ शिशाचे बारीक कण तरीही उडतातच, म्हणून प्रेक्षकालाही संरक्षक चष्म्याशिवाय जवळ उभे राहू देत नाहीत.

चारही बंदुका नव्या घेतल्या तर साधारण तीन ते चार हजार डॉलर लागतात. त्याहून मोठा खर्च सावकाश होतो, तो काडतुसांचा: सहा फेऱ्यांच्या एका स्पर्धेत १२० काडतुसे केवळ रिव्हॉल्व्हर आणि रायफलची संपतात, शॉटगनची वेगळी. म्हणूनच इथले जुने खेळाडू पितळी कवचे वेचून घरी नेतात आणि त्यांत पुन्हा दारू व गोळी भरतात. कवचे अशी पुन्हा भरण्याचे यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नये. मोजमापाची शिस्त अंगी बाणलेली नसताना दारू भरणे हे काम अंगाशी येऊ शकते.

सुरक्षिततेचे नियम इथे जितके कडक आहेत तितके मी अन्य कोणत्याही खेळात पाहिलेले नाहीत. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा कप्पे असले तरी पाचच काडतुसे भरायची आणि घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवायचा. जुन्या कोल्टच्या घोड्यावर नुसता आघात झाला तरी खालची गोळी सुटण्याची भीती असे, त्यातून ही पद्धत रुजली आणि आधुनिक सुरक्षित बनावटीच्या रिव्हॉल्व्हरलाही ती जशीच्या तशी लागू आहे. बंदुका भरायच्या त्या एका ठरावीक टेबलावर, दुसऱ्याच्या देखरेखीखाली, आणि फेरी संपल्यावर वेगळ्या टेबलावर त्या रिकाम्या करून दाखवायच्या. नळीचे तोंड कायम समोरच्या दिशेला राहिले पाहिजे. रिकामी बंदूक हातातून पडली तर ती फेरी बाद, आणि भरलेली पडली तर अख्खी स्पर्धा बाद, मग आपण कितीही जुने असा. नवख्या माणसाला कोणी घाई करत नाही. ‘सावकाश मार’ हेच वाक्य पाठीमागून पुन्हा पुन्हा ऐकू येते.

पोशाखाविषयी लोक उगाच धास्ती घेतात. टी-शर्ट, खेळाचे बूट आणि बेसबॉलची टोपी चालत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, साधी विजार, चामडी बूट आणि काठाची हॅट एवढ्यावर भागते. मी पहिले वर्ष स्वतःच्या लग्नातल्या जाकिटावर काढले. सावळ्या माणसाने हा वेश करणे हास्यास्पद दिसेल का, असा संकोच मलाही होता. पण काउबॉय म्हणजे शेवटी पगारी गुराखी. त्यांच्यात मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय माणसे मोठ्या संख्येने होती, आणि व्हॅकेरो हा शब्दच मुळात गुराखी या अर्थाचा स्पॅनिश शब्द आहे. सभासद होताना प्रत्येकाला एक टोपणनाव नोंदवावे लागते आणि ते दुसऱ्या कोणाचे असून चालत नाही. मी धुळ्याचा, म्हणून हौसेने ‘खानदेशी किड’ घेतले. घरी फोनवर सांगितले तेव्हा आईने विचारले, की एवढ्या लांब जाऊन स्वतःला कीड कशाला म्हणवून घेतोस? नाव बदलायला तोवर उशीर झाला होता.

भारतात परतल्यावर हे चालू ठेवता येईल, अशी आशा मात्र धरू नये. भारताच्या शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, इथे तर चार लागतात. एअर पिस्तुलाकडे वळायचे असेल तर तो मार्ग मोकळा आहे, पण तो खेळ अगदी वेगळा आहे.

तेव्हा आत्ता एवढेच करावे: संघटनेच्या संकेतस्थळावर राज्यवार क्लबांची यादी आहे, तिच्यातून जवळचा क्लब निवडून त्यांना पत्र लिहावे, आपण नवीन आहोत आणि आपला व्हिसा अमुक आहे हे स्पष्ट सांगावे, आणि पुढच्या स्पर्धेला सकाळी अर्धा तास आधी पोहोचावे. तिथे खेळाडूंच्या प्रत्येक तुकडीला कामकऱ्यांची टंचाई असते. चुकलेल्या गोळ्या मोजण्यासाठी तिघे जण उभे असतात, त्यांच्या शेजारी उभे राहून आपणही मनातल्या मनात मोजावे. कवचे वेचायला लागण्यापूर्वी मात्र वकिलाला विचारून घ्यावे, कारण कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे रिकामे कवचही दारूगोळ्यातच धरले जाते. चष्मा, कानांचे संरक्षण आणि भरपूर पाणी बरोबर असू द्यावे. ऑगस्टमध्ये जाणार असाल तर पाणी दुप्पट न्यावे.